आठशे फुटांची ॲलिस

लंडनच्या नैर्ऋत्येला पंधराएक मैलांवर थेम्सच्या काठी वॉल्टन नावाचं गाव आहे. १९०३ साली तिथल्या एका साध्या घराच्या परसात फळ्यांचा एक उघडा मंच होता. वर छप्पर नव्हतं, मागे रंगवलेले पडदे टांगलेले, आणि उजेडाची सारी भिस्त सूर्यावर. ऊन असेल तेवढा वेळ काम चाले, ढग आले की थांबे. या मंचावर आणि आसपासच्या बागांमध्ये सेसिल हेपवर्थ आणि पर्सी स्टो यांनी ‘ॲलिस इन वंडरलँड’चा पहिला चित्रपट काढला. फितीची लांबी आठशे फूट. पडद्यावर सुमारे बारा मिनिटं. इंग्लंडात तोवर एवढा लांब चित्रपट कुणीही काढलेला नव्हता.

बारा मिनिटांचं आज कुणाला कौतुक वाटणार नाही. पण त्या वेळचे बहुतेक चित्रपट मिनिट-दोन मिनिटांत संपत. ते दाखवायला स्वतंत्र चित्रपटगृहंही नव्हती. नाचगाण्याच्या थिएटरांत दोन करमणुकींच्या मध्ये, जत्रेतल्या तंबूत, नाहीतर गावच्या सभागृहात पडदा लावून ते दाखवले जात. रेल्वेगाडी, लाटा, मिरवणूक, एखादी फजिती, एवढाच त्यांचा ऐवज. हेपवर्थनेही १९०० साली मोटारीचा स्फोट दाखवणारी आणि मोटार थेट प्रेक्षकांच्या अंगावर आणणारी अशा दोन छोट्या फिती काढून नाव कमावलं होतं. अशा काळात एका कादंबरीची सुरुवात, मध्य आणि शेवट आठशे फुटांत बसवायचा विचार करणं हे मोठंच धाडस होतं.

कादंबरीही साधीसुधी नव्हे. ऑक्सफर्डच्या क्राइस्ट चर्च कॉलेजात गणित शिकवणाऱ्या चार्ल्स डॉजसनने ४ जुलै १८६२ रोजी नावेतून सहलीला जाताना लिडेल कुटुंबातल्या तीन बहिणींना एक गोष्ट सांगितली. त्यातली मधली ॲलिस. तिने हट्ट धरला म्हणून त्याने ती लिहून काढली आणि १८६५ साली लुइस कॅरोल या नावाने ती पुस्तकरूपात आली. चित्रं जॉन टेनियलची, एकूण बेचाळीस. पहिल्या दोन हजार प्रतींमध्ये चित्रांची छपाई टेनियलच्या मनासारखी उतरली नाही, तेव्हा कॅरोलने त्या मागे घेतल्या आणि पुस्तक नव्याने छापून घेतलं. म्हणजे ॲलिसच्या जन्मापासूनच चित्रांचा मान शब्दांच्या बरोबरीचा होता. पुढच्या चाळीस वर्षांत इंग्लंडातल्या वाचत्या घरातलं प्रत्येक मूल टेनियलच्या डोळ्यांनीच ॲलिसला ओळखू लागलं. घाईतला पांढरा ससा, मोठ्या टोपीतला हॅटर, रागाने बोट रोखणारी राणी, सगळे त्याच रेषांत ठरून गेले होते.

कॅरोल जानेवारी १८९८ मध्ये वारला. लंडनमध्ये ल्युमिएर बंधूंचे चलच्चित्रांचे खेळ फेब्रुवारी १८९६ पासून सुरू झाले होते. उत्तम छायाचित्रकार असलेला कॅरोल चलच्चित्रांच्या पहिल्या दोन वर्षांत हयात होता. त्याने लहानग्या ॲलिस लिडेलची छायाचित्रं काढली ती ओल्या कोलोडियनच्या काचांवर. हे कोलोडियन म्हणजे नायट्रोसेल्युलोज, कापसावर ॲसिडची प्रक्रिया करून तयार होणारा ज्वालाग्राही पदार्थ, ईथर आणि अल्कोहोलमध्ये विरघळवलेला. त्याच नायट्रोसेल्युलोजमध्ये कापूर मिसळला की सेल्युलॉइड होतं, आणि हेपवर्थची फीत सेल्युलॉइडचीच होती. खरी ॲलिस आणि पडद्यावरची ॲलिस, दोघींची पहिली चित्रं एकाच पदार्थाच्या आधाराने टिकली. या पदार्थाची गोष्ट पुढे पुन्हा येणार आहे.

सेसिल हेपवर्थचा जन्म १८७४ चा. त्याचे वडील टी. सी. हेपवर्थ मॅजिक लँटर्नच्या साहाय्याने शास्त्रीय विषयांवर व्याख्यानं देत. काचेवरचं चित्र दिव्याच्या प्रकाशात पडद्यावर पाडायचं आणि त्याबरोबर बोलत जायचं, असा तो खेळ. कल्याणच्या पटवर्धनांची ‘शांबरिक खरोलिका’ ज्यांना वाचून माहीत आहे, त्यांना यापेक्षा जास्त सांगायला नको. मुलगा या दिव्यांच्या सहवासात वाढला. चलच्चित्रं आली तेव्हा त्याने रॉबर्ट पॉल या निर्मात्याकडच्या टाकाऊ फिती मिळवल्या आणि आपल्या काचचित्रांच्या मध्ये त्या गुंफून तो गावोगाव खेळ करू लागला. १८९७ साली, वयाच्या तेविसाव्या वर्षी, त्याने चलच्चित्रांच्या तंत्रावर एक पुस्तकही लिहिलं. या विषयावरच्या अगदी पहिल्या पुस्तकांत ते मोडतं. मग मध्यंतरी धरलेली नोकरी गेली, आणि १८९९ मध्ये मॉंटी विक्स या नात्यातल्या भावाबरोबर त्याने वॉल्टनला स्वतःचा धंदा उघडला. दोघांच्या नावांची सांगड घालून मालाला नाव दिलं ‘हेपविक्स’.

फेब्रुवारी १९०१ मध्ये व्हिक्टोरिया राणीची अंत्ययात्रा लंडनमधून निघाली तेव्हा हेपवर्थ कॅमेरा घेऊन रस्त्याच्या कडेला उभा होता. पुढे आत्मचरित्रात त्याने लिहिलं आहे की त्या गंभीर शांततेत कॅमेऱ्याचा खडखडाट इतका मोठा वाटला की कुठे तोंड लपवावं असं त्याला झालं. आणि त्या आवाजाकडे लक्ष जाऊन नवा राजा एडवर्ड क्षणभर थांबला, त्यामुळे यात्रेचं चित्र मिळालं. ज्या माणसाने व्हिक्टोरियन युगाचा शेवट फितीवर घेतला, त्यानेच दोन वर्षांनी त्या युगातलं सर्वांत लाडकं बालपुस्तक हाती घेतलं.

वॉल्टनची मंडळी किती होती? हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी, आणि कुणाचंही काम ठरलेलं नाही. पडदे रंगवायचे, कपडे शिवायचे, फीत धुवायची, वाळवायची, प्रती काढायच्या, आणि गरज पडली की कॅमेऱ्यासमोर उभं राहायचं. ॲलिसच्या भूमिकेतली मे क्लार्क अशीच या कारखान्यात काम करणारी मुलगी होती. वय अठराच्या आसपास. पांढरा ससा आणि राणी या दोन्ही भूमिका हेपवर्थच्या पत्नीने, मार्गारेटने केल्या. बेडकाच्या तोंडाचा हुजऱ्या स्वतः हेपवर्थ झाला. हॅटर झाला नॉर्मन व्हिटन, जो पुढे आयर्लंडला गेला आणि तिथल्या आरंभीच्या चित्रपट-निर्मात्यांत गणला गेला. घरचं मांजर चेशायरचं मांजर झालं. घरचा कुत्रा ब्लेअर एका प्रसंगात बागडून गेला आणि दोनच वर्षांनी ‘रेस्क्यूड बाय रोव्हर’ या चित्रपटाचा नायक बनला. त्या चित्रपटात हेपवर्थची तान्ही मुलगी पळवली जाते, आई होते तिची खरी आई, कथाही तिनेच रचलेली. आणि मागणी इतकी की मूळ निगेटिव्ह झिजल्यामुळे सगळा चित्रपट दोनदा पुन्हा चित्रित करावा लागला. बायकोच्या वाट्याला आलेलं हे काम त्या काळी कुठल्या श्रेयनामावलीत छापलं गेलं नाही. श्रेयनामावली नावाची गोष्टच नव्हती.

पत्त्यांच्या वेषात मुलं होती. अंगावर पुढे-मागे पुठ्ठ्याचे मोठे पत्ते अडकवलेली ही फौज बागेतून येते. त्यांतला एक पत्ता म्हणजे दहा वर्षांचा जेफ्री फेथफुल. हा मुलगा पुढे छायाचित्रणकार झाला आणि १९६० च्या ‘व्हिलेज ऑफ द डॅम्ड’ या गाजलेल्या भयपटाचं छायाचित्रण त्याच्या नावावर आहे. एका माणसाच्या आयुष्यात चित्रपटकलेचा केवढा पल्ला मावला!

हेपवर्थने एक नियम काटेकोर पाळला. प्रत्येक पात्र आणि प्रत्येक दृश्य टेनियलच्या चित्राप्रमाणे दिसलं पाहिजे. प्रेक्षकाच्या मनात जे चित्र चाळीस वर्षं स्थिर बसलं होतं, ते हललं पाहिजे. मला वाटतं, या चित्रपटाची सगळी किल्ली इथे आहे. गोष्ट सांगणं हा त्याचा हेतूच नव्हता, कारण गोष्ट सगळ्यांना पाठ होती. ती माहीत नसणाऱ्याने ही बारा मिनिटं पाहिली तर त्याला मुलगी का लहान होते, बाळाचं डुक्कर का होतं, पत्ते का चिडतात, यातलं काही कळणार नाही. दृश्यांच्या आधी येणाऱ्या पाट्या एखाद-दुसरं वाक्य सांगतात, बाकी सारं प्रेक्षकाने घरून आणायचं.

बदलत्या आकारांचं काय करायचं, हा मात्र खरा पेच होता. बाटलीतलं पेय प्यायल्यावर ॲलिस लहान होते, केक खाल्ल्यावर उंच होते. टेनियलला कागदावर ते सोपं होतं. हेपवर्थ आणि स्टो यांच्याकडे हाताने फिरवायचा कॅमेरा होता, आणि तो मध्येच थांबवता येई. थांबवायचा, समोरचं काही बदलायचं, पुन्हा फिरवायचा. पडद्यावर बदल क्षणात घडल्यासारखा दिसे. डचेसच्या बाळाचं डुक्कर होतं ते असंच. दुसरी युक्ती एकाच फितीवर दोनदा चित्रण करण्याची: आधी एक दृश्य घ्यायचं, फीत मागे गुंडाळायची, आणि तिच्यावर दुसरं. मोजमाप चुकलं की सगळं वाया, आणि चुकलं हे फीत धुतल्यावरच कळणार. सशाच्या घरात ॲलिस वाढून अडकते त्या प्रसंगी यातलं काहीच केलं नाही. मुळात खोलीच इतकी चिमुकली बांधली की मे क्लार्कचे हातपाय भिंतींना टेकले. मला हा प्रसंग सगळ्यांत आवडतो. त्यात जादूचा भाग शून्य, आणि तरी अवघडलेल्या त्या मुलीकडे पाहताना आपलाच श्वास कोंडतो.

पर्सी स्टो हा अशा युक्त्यांचा खास जाणकार. ॲलिसनंतर थोड्याच काळात तो वॉल्टन सोडून गेला आणि क्रॉयडनला क्लॅरेंडन या कंपनीत त्याने १९०८ साली शेक्सपिअरचं ‘द टेम्पेस्ट’ पडद्यावर आणलं. त्यातल्या परी आणि वादळ पाहताना ॲलिसवर केलेले प्रयोग आठवतात.

एक गोष्ट मात्र थेट हेपवर्थच्या वडिलांच्या दिव्यांकडून आली. मॅजिक लँटर्नवाले दोन दिवे शेजारी ठेवून एका चित्रावरचा प्रकाश मंद करत दुसऱ्यावरचा वाढवत, तेव्हा एक चित्र दुसऱ्यात विरघळून जाई. ॲलिसची सोळा दृश्यं हेपवर्थने याच रीतीने एकमेकांत विरघळवली, आणि आपल्या सूचिपत्रात त्याने हे अभिमानाने नमूद केलं. स्वप्नात एका जागेवरून दुसऱ्या जागी आपण कसे पोहोचतो ते कधी कळत नाही. या गोष्टीला ती रीत शोभूनही दिसली.

मूकपणाची अडचण मात्र कशानेही सुटण्यासारखी नव्हती. कॅरोलचं पुस्तक बोलण्याचं पुस्तक आहे. कोट्या, कोडी, वेडीवाकडी विडंबनं, तर्काच्या कसरती. ज्या पुस्तकात चित्रं नाहीत आणि संभाषणं नाहीत ते काय कामाचं, असा प्रश्न ॲलिसला सुरुवातीलाच पडतो. हेपवर्थ तिला चित्रं देऊ शकत होता, संभाषणं देणं त्याच्या हातात नव्हतं. त्यामुळे चहापानाचा प्रसंग, जो पुस्तकात निव्वळ बोलण्यावर उभा आहे, तो पडद्यावर फिका पडतो. हॅटर आणि मार्च हेअर हातवारे करतात, ॲलिस वैतागून निघून जाते. याउलट पत्त्यांच्या मिरवणुकीत बोलण्याची गरजच नाही. राणी हुकूम सोडते, ॲलिस मारेकऱ्याच्याच कानशिलात देते, आणि सगळी फौज तिच्यामागे बागेतून धावत सुटते. तिथे चित्रपट स्वतःच्या पायांवर उभा राहतो. खऱ्या झाडांखाली, खऱ्या वाऱ्यात पुठ्ठ्याचे पत्ते हेलकावत धावतात, तसं टेनियलच्या रेषेत कधीच दिसलं नसतं.

चित्रपट त्या काळी फुटावर विकला जाई. प्रत विकत घेतली की ती घेणाऱ्याची. त्याने ती झिजेपर्यंत दाखवावी, कापावी, दुसऱ्याला विकावी. आठशे फूट एकदम घेणं सगळ्यांच्या खिशाला झेपणारं नव्हतं, म्हणून हेपवर्थने दृश्यं सुटी विकायचीही सोय ठेवली. शनिवारी मुलांसाठी खेळ लावणाऱ्यांनी पत्त्यांची मिरवणूक तेवढी उचलली. मोठ्या कष्टाने एकमेकांत विरघळवलेली ती दृश्यं खेळवाल्यांच्या कात्रीने पुन्हा सुटी झाली.

दहा वर्षांत सगळं बदललं. १९१३ साली याच वॉल्टनमधून टॉमस बेंटलीने दिग्दर्शित केलेला ‘डेव्हिड कॉपरफील्ड’ बाहेर पडला. आठ रिळं, तासाभराहून जास्त. बेंटली डिकन्सच्या पात्रांच्या नकला रंगमंचावर करून नाव मिळवलेला नट होता. त्याने कँटरबरी, डोव्हर अशा कादंबरीतल्या खऱ्या ठिकाणी जाऊन चित्रण केलं. आता कादंबरी सांगितली जाऊ लागली होती. न वाचलेल्यालाही ती कळेल इतकी सविस्तर.

आणि या दोन चित्रपटांच्या मधल्या काळात, १९१२ च्या आरंभी, वॉल्टनच्या या कारखान्यात एक मराठी माणूस येऊन गेला. धुंडिराज गोविंद फाळके फेब्रुवारीत लंडनला पोहोचले होते. ‘बायोस्कोप’ या साप्ताहिकाचे संपादक कॅबोर्न यांना ते भेटले. या धंद्यात इंग्लंडातच किती जण बुडतात हे सांगून कॅबोर्ननी त्यांना आधी परावृत्त करायचा प्रयत्न केला, आणि फाळक्यांचा निश्चय पाहून हेपवर्थकडे नेलं. हेपवर्थने कारखान्याचे सगळे विभाग त्यांना उघडून दाखवले. परक्या देशातून आलेल्या अनोळखी माणसापासून त्याने काही लपवून ठेवलं नाही. विल्यमसन कॅमेरा घेऊन फाळके एप्रिलमध्ये परतले, आणि ३ मे १९१३ रोजी गिरगावच्या कॉरोनेशनमध्ये ‘राजा हरिश्चंद्र’ लागला.

हेपवर्थचं वॉल्टन आणि फाळक्यांचं दादर यांच्यात एक खोल साम्य आहे, आणि ते एकाने दुसऱ्याचं अनुकरण केल्यामुळे आलेलं नाही. दादरलाही सारं घरच कामाला जुंपलं होतं. पत्नी सरस्वतीबाई फितीला भोकं पाडत, रसायनं हाताळत, सगळ्या मंडळींचा स्वयंपाक करत. मुलगा भालचंद्र रोहिदास झाला, पुढे मुलगी मंदाकिनी ‘कालिया मर्दन’मध्ये कृष्ण झाली. हरिश्चंद्राची गोष्टही प्रेक्षकांना पाठ होती, आणि देव-राजे कसे दिसतात हे रविवर्म्याच्या छापील चित्रांनी घरोघरच्या भिंतींवर आधीच ठरवून टाकलं होतं. फाळके तर लोणावळ्याच्या रविवर्मा छापखान्यात काम केलेले. ठाऊक असलेलं चित्र हलतं करायचं, हा आरंभ दोन्हीकडे सारखाच झाला.

हेपवर्थचा शेवट चांगला झाला नाही. महायुद्धानंतर त्याने कंपनी मोठी केली, भांडवल उभारायला बाजारात उतरला, आणि अमेरिकन चित्रपटांच्या लोंढ्यापुढे त्याची मंद, नितळ शैली जुनाट ठरली. १९२४ मध्ये कंपनी दिवाळखोरीत गेली. मालमत्ता विकायला नेमलेल्या अधिकाऱ्याने निगेटिव्हचा सगळा साठा विकून टाकला. तो वितळवून त्याचं रोगण करण्यात आलं. त्या काळी विमानांचे पंख कापडाचे असत. ते ताठ आणि जलरोधक व्हावेत म्हणून त्यांवर नायट्रोसेल्युलोजचं रोगण चढवत. कॅरोलच्या काचेवरचं तेच द्रव्य, हेपवर्थच्या फितीतलंही तेच. पाव शतकाचं काम विमानांच्या पंखांवर गेलं. यात कुणाचा दुष्टपणा नव्हता. जुन्या फितीला किंमत असते असं तेव्हा कुणालाच वाटत नव्हतं, आणि मला यातली सर्वांत मोठी हानी हीच वाटते. फाळक्यांच्या फितींचीही याहून बरी गत झाली नाही. ‘राजा हरिश्चंद्र’चे आज आपल्याकडे तुकडेच उरले आहेत.

हेपवर्थ त्यानंतर जवळजवळ तीस वर्षं जगला. दुसऱ्यांच्या चित्रपटांच्या जाहिरात-फिती तयार करण्याचं काम त्याने केलं, व्याख्यानं दिली, १९५१ मध्ये आत्मचरित्र प्रसिद्ध केलं आणि १९५३ मध्ये तो वारला. त्या आत्मचरित्रात कडवटपणा शोधून सापडत नाही.

ॲलिस वाचली ती त्याच्या कपाटात नव्हती म्हणून. कुणीतरी फुटावर विकत घेतलेली, पुनःपुन्हा दाखवून झिजलेली एकच प्रत आज उरली आहे. ब्रिटिश फिल्म इन्स्टिट्यूटच्या संग्रहात तिची दुरुस्ती झाली आणि २०१० साली, टिम बर्टनचा ‘ॲलिस’ येण्याच्या सुमारास, ती लोकांसमोर आली. मूळच्या रंगछटा परत चढवल्या गेल्या. बारा मिनिटांपैकी नऊएक मिनिटं शिल्लक आहेत. ओरखडे, डाग, कडेने खाल्लेली चित्रं पुष्कळ आहेत, आणि काही ठिकाणी मे क्लार्कचा चेहरा नीट दिसतही नाही. पण बागेतली ती धावपळ बरीचशी शाबूत आहे, आणि घरबसल्या इंटरनेटवर ती कुणालाही विनामूल्य पाहता येते.